प्रार्थनेत मन लागत नसेल, तरी रोजचा नेम चालू ठेवावा का?

आपला प्रश्न असा आहे की, मन लागत नसताना रोज प्रार्थना आणि बायबलवाचन करणे हे ढोंग ठरत नाही का, आणि तारण कृपेनेच मिळत असेल तर नेमाची गरज काय.

कृपेविषयी आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. इफिसकरांस पत्रातील दुसरा अध्याय तारणाला देवाचे दान म्हणतो, कर्मांचे फळ नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील १८व्या अध्यायातला परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपवास करत होता, तरी देवापुढे नीतिमान ठरून घरी गेला तो पापी समजला जाणारा जकातदार. परुश्याचे चुकले ते उपवासात नव्हे, तर तो उपवास देवापुढे मोजून दाखवण्यात, असे मला वाटते. म्हणून नेमाचे मोल पुण्यसंचयात शोधू नये.

मग ते कशात आहे? वधस्तंभावर असह्य वेदनेत असताना येशूच्या तोंडी आलेले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द बायबलमधील स्तोत्रसंहितेतल्या २२व्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत, आणि प्राण सोडताना त्याने पित्याच्या हाती आत्मा सोपवला तोही ३१व्या स्तोत्राच्या शब्दांत. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात जाण्याचा त्याचा परिपाठ होता, असे लूक सांगतो. लहानपणापासून ऐकलेली आणि म्हटलेली ती स्तोत्रे, स्वतःचे शब्द जुळवण्याचे त्राण उरले नव्हते तेव्हा, त्याच्या ओठांवर होती. जुन्या करारातल्या दानीएलाचेही तसेच. राजाशिवाय कोणाकडेही प्रार्थना करण्यास बंदी घालणाऱ्या मनाईहुकुमावर सही झाल्याचे कळल्यावर तो घरी गेला आणि पूर्वीप्रमाणेच दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. संकट आल्यावर त्याला प्रार्थना नव्याने शिकावी लागली नाही. आजारपणात किंवा शोकात एकाग्र होऊन वाचणे बहुधा जमत नाही. तेव्हा आधारासाठी जवळ असते ते आधीच मुरलेले वचन, आणि ते साध्या, कोरड्या वाटणाऱ्या दिवसांतच मुरते.

ढोंगाच्या शंकेबद्दल म्हणायचे तर, नसलेली भावना दाखवणे हे ढोंग. भावना नसतानाही देवापुढे येऊन बसणे हा विश्वासूपणा आहे. ८८वे स्तोत्र आवर्जून वाचा. ते अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरीही ख्रिस्ती मंडळीने ते प्रार्थना म्हणून जपले आहे. आपले कोरडेपण असेच उघडपणे देवाला सांगता येते.

नेम मात्र लहान ठेवावा. सकाळी एक स्तोत्र, शुभवर्तमानातला एक छोटा उतारा आणि प्रभूची प्रार्थना एवढे पुरेसे आहे. स्तोत्रे १५० आहेत, म्हणजे रोज एक या गतीने सुमारे पाच महिन्यांत सर्व वाचून होतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत काही ओळी आपोआप पाठ होऊ लागतात, हा माझा अनुभव आहे, आणि मला स्वतःला सर्वाधिक आधार त्याच ओळींनी दिला आहे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाकडे एकदा वळून पाहावे, उपकार मानावेत, चुकले असेल त्याची क्षमा मागावी. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका. त्या दिवसाचे जे स्तोत्र असेल तेच उघडा. कोरडेपणासोबत सततची उदासी असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही अवश्य भेटा.