वाचक विचारतात : घाटावरची कुत्री आणि येणारा सिंहस्थ

या महिन्यात भटक्या कुत्र्यांचे प्रश्न एवढे आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. बहुतेक प्रश्न देवस्थानं, लेणी, गड, धरणाची बाजू अशा फिरायच्या जागांवरचे आहेत म्हणून सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न : माझं रामकुंडाजवळ पूजासाहित्याचं दुकान आहे. घाटावर कुत्री फार झालीयेत, बाहेरगावचे भाविक घाबरतात, लहान लेकरं तर रडायलाच लागतात. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे, त्याच्या आधी सगळी गाडीत घालून कसाऱ्याच्या जंगलात का सोडून देत नाहीत? (एक दुकानदार, पंचवटी, नाशिक)

उत्तर : दादा, तुमची अडचण खरी आहे. गर्दीत पायाखाली कुत्रं आलं की माणूसही बिथरतो आणि कुत्रंही. पण सोडून देऊन ती अडचण जात नाही, आणि का जात नाही ते तुम्हाला दुकानात बसल्या बसल्याच दिसेल, एकदा सकाळी फक्त त्या नजरेने बघा. दशक्रियेचे पिंड ठेवतात, कावळा शिवला की माणसं हात जोडून निघतात, आणि तो भात, दही, त्यावर ठेवलेला गोडाचा घास पुढच्या पाच मिनिटांत कुत्र्यांच्या पोटात जातो. मग यात्रेकरूंची बिस्किटं, मग भेळेचे द्रोण, रात्री गाड्यांवरचं उरलेलं. घाटावर दिवसभर पंगत चालू असते. आज आहेत ती कुत्री उचलली तरी पंगत तिथेच राहते, आणि मग गणेशवाडीकडची, तपोवनाकडची दुसरी येऊन बसतात. फरक एवढाच पडतो की गेलेल्यांना माणसांची, ढोलताशाची सवय होती, काहींना लसही दिलेली होती, आणि नवीन आलेली आधी जागेवरून आपापसात भांडणार, त्या भांडणात मधे येईल त्याला चावा बसणार.

आणि कसाऱ्याकडे किंवा इगतपुरीकडे सोडायचं म्हणता, तर तिथे कोण राहतं? तिथे वाड्या-पाडे आहेत, त्यांची शेळ्या-कोंबडं आहेत. शिवाय आपल्या जिल्ह्यात बिबट्याची काय परिस्थिती आहे हे वेगळं सांगायला नको, बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार, वस्तीजवळ कुत्री वाढली की त्यामागे तो अंगणापर्यंत येतो. शहराची डोकेदुखी पाड्यावरच्या माणसाच्या गळ्यात घालायची हे मला अजिबात पटत नाही.

कायदाही तेच सांगतो. ॲनिमल बर्थ कंट्रोल रूल्स, २०२३, म्हणजे सगळे ज्याला एबीसी म्हणतात, त्यानुसार कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळख म्हणून कानाला खाच द्यायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात दिल्लीच्या कुत्र्यांवरून मोठा गदारोळ झाला, ११ तारखेला सगळी शेल्टरमध्ये टाका असा आदेश आला आणि २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला : नसबंदी, लस, जंताचं औषध करून त्याच भागात परत सोडा, फक्त पिसाळलेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका.

आता सिंहस्थाचा हिशोब मांडा, कारण माझ्या मते या सगळ्यात तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. अमृतस्नानं आहेत २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला, म्हणजे आषाढ अमावास्या ते भाद्रपद एकादशी. आणि भाद्रपद म्हटलं की कुत्र्यांचं काय असतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माजावर आलेल्या एका कुत्रीमागे आठ-दहा कुत्रे, रस्त्यात भांडणं, अनोळखी गल्लीतून आलेली नवीन कुत्री, आणि त्याच वेळी घाटावर लाखो माणसं. हे टाळायचं असेल तर नसबंदी २०२७ च्या पावसाळ्यात सुरू करून चालणार नाही, ऑपरेशन झाल्यावर जखम भरायला वेळ लागतो, पिंजरे मर्यादित असतात, पकडणारी माणसं मर्यादित असतात, रोज हजार कुत्री होत नसतात. गोदाघाट, तपोवन, साधुग्रामचा परिसर, त्र्यंबकचा कुशावर्ताचा भाग, असे तुकडे पाडून एकेक भाग पूर्ण करायला आत्ताच लागायला हवं. सगळ्या शहरातली थोडी थोडी कुत्री करण्यापेक्षा एका भागातली जवळपास सगळी केली तर फरक दिसतो. रेबीजचंही तसंच, एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. गोव्याने हेच केलं, पर्यटकांनी गजबजलेलं राज्य, तरी कुत्री मारली नाहीत, दारोदार फिरून लस टोचत राहिले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झालं.

तुम्ही दुकानदार मंडळी काय करू शकता? पिंडांचं आणि द्रोणांचं. कावळा शिवल्यावर उरलेला भात झाकणाच्या डब्यात गोळा करायची सोय गुरुजी आणि दुकानदार मिळून करू शकता, रात्री गाडा बंद करताना उरलेलं पायरीवर ओतायचं नाही एवढं ठरवू शकता. आणि तुमच्या गल्लीतल्या कोणत्या कुत्र्याच्या कानाला खाच आहे, कोणत्याच्या नाही, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, त्याची वही ठेवा आणि नसबंदीची गाडी येईल तेव्हा त्यांना दाखवा.

प्रश्न : मागच्या आठवड्यात सासूबाईंना त्र्यंबकला दर्शनाहून परत येताना कुत्र्याचा दात लागला. रक्त थेंबभरच आलं. घरी हळद लावली, जवळच्या दवाखान्यात टीटीचं इंजेक्शन घेतलं. कुत्रं तसं साधंच दिसत होतं. एवढं पुरेसं आहे ना? पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची त्यांना फार भीती वाटते. (इंदिरानगर)

उत्तर : ताई, अंक छापून यायची वाट न बघता तुम्हाला फोन करून सांगितलंच होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितो. नाही, पुरेसं नाही. टीटी धनुर्वातासाठी असतं, रेबीजशी त्याचा काही संबंध नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं वीसेक वर्षांपूर्वीच बंद झाली, आता दंडात देतात, स्नायूत द्यायची असतील तर पहिला दिवस धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८. आणि रक्त आलं असेल, थेंबभर का होईना, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे सीरम पण लागतं, ते आठवणीने विचारा, कारण लसीचा परिणाम सुरू व्हायला दिवस लागतात आणि मधल्या काळात सीरमच सांभाळतं. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, आपल्या जिल्हा रुग्णालयात मिळते.

चावल्या चावल्या करायची गोष्ट एकच, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून धुवा कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. हळद, चुना, मिरची, तेल काही काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणं बहुतेक एक ते तीन महिन्यांनी येतात, म्हणून आठवडा गेला असला तरी उशीर झाला म्हणून घरी बसू नका, जा आणि घ्या.

यात फिरायला आलेल्यांची वेगळी अडचण असते. कुत्रं दहा दिवस जिवंत आणि ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात, पण तुम्ही तर संध्याकाळच्या गाडीने मुंबईला जाणार, बघणार कोण? तेव्हा चावलं त्या जागेजवळच्या चहावाल्याचा किंवा फुलवालीचा नंबर घ्या, कुत्र्याचा फोटो काढा आणि दहाव्या दिवशी फोन करा. पण त्या फोनची वाट बघत पहिलं इंजेक्शन लांबवायचं नाही, ते नाशिकमध्येच घ्यायचं, कार्ड जपून ठेवायचं आणि पुढचे डोस आपल्या गावी पूर्ण करायचे. दहा दिवसांनी कुत्रं ठीक असेल तर उरलेले डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील. आणि साधं दिसणं हा काही पुरावा नाही, रेबीजमधलं कुत्रं दरवेळी धावून येत नाही, काही कुत्री गप्प होतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, कोपऱ्यात पडून राहतात. अशाला दया येऊन पाणी पाजायला जाऊ नका.

प्रश्न : आम्ही काही मित्र दर रविवारी पांडवलेणी चढतो. पायऱ्यांवरच्या कुत्र्यांसाठी बिस्किटं नेतो, सीझनला द्राक्षं पण. परवा एका काकांनी त्यावरून भांडण काढलं. मुक्या जनावराला खाऊ घालणं चूक आहे का? (पाथर्डी फाटा)

उत्तर : खाऊ घालणं चूक नाही. आपल्याकडे श्राद्धातसुद्धा कुत्र्याचा घास काढतात, दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. पण द्राक्षं आजपासून बंद करा, हे अगदी कळकळीने सांगतोय. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, किडन्या निकामी होतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षांनी होईल याचा काही नेम नसतो. नाशिकमध्ये जानेवारी ते एप्रिल जिकडेतिकडे द्राक्षं, लोक प्रेमाने टाकतात आणि दोन दिवसांनी कुत्रं उलट्या करत मरतं, कुणालाच कळत नाही कशाने. चॉकलेटही नको, कांदाही नको.

काकांचंही म्हणणं समजून घ्या. अरुंद पायरीवर बिस्किटाचा पुडा फोडला की चार कुत्री एकदम येतात, मागून येणाऱ्या आजींच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी त्यांना पुड्यासारखीच वाटते, ती ओढली की चावा. कुत्र्याला सवय तुम्ही लावता आणि भोगतो दुसराच. नियमांमध्येही खाऊ घालायची जागा ठरवून द्यायला सांगितलंय, लहान मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्या-जाण्याच्या वाटेपासून लांब. तेव्हा खाली, पार्किंगपासून बाजूला एक जागा धरा, एकच वेळ धरा, भात-अंडं किंवा पोळी द्या, खाऊन झाल्यावर जागा झाडून निघा. एप्रिल-मे मध्ये पाण्याचं भांडं ठेवलंत तर फार उपकार होतील. आणि रोज खाऊ घालणाऱ्या माणसाच्या हाकेला कुत्रं येतं, त्यामुळे नसबंदीची गाडी येईल तेव्हा तुम्ही तिथे हजर राहिलात तर जाळं टाकून पळापळ करायची वेळ येत नाही.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या बाजूला आमचं छोटं होमस्टे आहे. एक कुत्री आमच्याकडेच असते, आत्ता तिला पिल्लं झालीत आणि ती गेस्टच्या अंगावर धावते. गेस्ट रिव्ह्यूमध्ये लिहितात. हाकलून द्यावी का?

उत्तर : हाकलू नका, ती लेकरं राखतेय. पिल्लं गेस्टच्या वाटेवर असतील तर पोत्याचा आडोसा करून मागच्या बाजूला तिची जागा करा, हलवायची तर तिला ओळखीच्या माणसाने, तिच्यासमोरच पिल्लं उचलायची. बाजूला दोरी लावून पाटी लावा की इथे पिल्लं आहेत, जवळ जाऊ नये, आणि मुंबई-पुण्याच्या गेस्टना आल्या आल्या तोंडाने पण सांगा, पाटी कोणी वाचत नाही. मुलांना सांगा की कुत्रं भुंकत आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाशी धरून उभं राहायचं, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, मग हळूहळू मागे सरकायचं. बहुतेक वेळा एवढ्यानेच कुत्रं थांबतं.

पिल्लं अंगावर पितायत तोवर आईला नसबंदीला न्यायचं नसतं. साधारण दोन महिन्यांची झाली, खायला लागली की लगेच न्या, लांबवू नका, कारण कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते आणि गाभण राहिली की दोन महिन्यांत पुन्हा पिल्लं. पिल्लांना तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस द्या, घरं मिळाली तर बघा. नसबंदी झालेली, लस दिलेली एक कुत्री तुमच्या आवारात असली की बाहेरची कुत्री ती आत येऊ देत नाही, हे होमस्टेवाल्यांनी लक्षात घ्यावं.

प्रश्न : बस स्टँडवरची कुत्री पण परत तिथेच सोडतात का?

उत्तर : नाही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशात शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन या जागा वेगळ्या काढल्यात. तिथली कुत्री नसबंदी-लस करून शेल्टरमध्ये ठेवायची, परत त्याच आवारात सोडायची नाहीत. म्हणजे शेल्टर लागणार, तिथे खाणं, डॉक्टर, माणसं लागणार, आणि त्याची सोय न करता उचलून कुठेतरी कोंडलं तर ती जनावरं एकमेकांना फाडतील नाहीतर रोगाने मरतील. सिंहस्थाच्या बजेटमध्ये याची तरतूद मागितली पाहिजे.

प्रश्न : सोमेश्वरला खरूज झालेलं कुत्रं दिसतं, लोक म्हणतात गाडीचं जळकं ऑइल लावा.

उत्तर : अजिबात लावू नका. कुत्रं अंग चाटतं, ते ऑइल पोटात जातं, कातडीतूनही जिरतं, खरूज राहिली बाजूला आणि जनावर विषबाधेने जातं. खरजेवर चांगली औषधं आहेत, कुत्रं हातात येत नसेल तरी काही गोळ्या खाण्यातून देता येतात, फक्त कोणती आणि किती ते वजनाच्या अंदाजाने जनावरांच्या डॉक्टरलाच ठरवू द्या, फोटो दाखवलात तरी ते सांगतात. तोवर हात लावू नका, एका प्रकारची खरूज माणसालाही खाज आणते. ऑइल आधीच कुणी लावलेलं असेल तर घासायला रॉकेल किंवा पेट्रोल घेऊ नका, तसंच दवाखान्यात न्या.