इंग्लंडचा रॉक गायक ऑझी ऑस्बर्न गेल्याचं नाशिकच्या पोरांना एवढं काय दुःख?

आईनेही हेच विचारलं, "कोण गेलं रे, आपल्यातलं?" हो म्हणालो.

ऑझी २२ जुलै २०२५ ला गेला, ७६ व्या वर्षी. सतराच दिवस आधी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर सिंहासनावर बसून गायला होता. पार्किन्सनमुळे उभं राहणं जमत नव्हतं.

त्याचा बँड ब्लॅक सॅबथ म्हणजे कारखान्यांच्या गावातली पोरं. गिटारवाल्या टोनी आयोमीच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटलेली. सातपूर-अंबडला बापाच्या शिफ्ट बघत वाढलेल्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं टपरीवर, भर पावसात. आवाज वाढावा म्हणून मोबाइल स्टीलच्या ग्लासात उभा केलेला. एरवी भजनं लावणारा टपरीवाला 'कमी करा' म्हणाला नाही.