करंज तेलाचं बायोडिझेल: रूपांतर किती झालं ते स्पेक्ट्रमवरून कसं काढायचं?

करंज तेल, मेथनॉल आणि केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घेऊन एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी बायोडिझेल केलं, एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) १७४२ सेमी⁻¹ ला ठसठशीत पीक आलं, तर ‘रिॲक्शन पूर्ण’ असं लिहू का, असं तुम्ही विचारलंय. नका लिहू. ते पीक एस्टरच्या कार्बोनिलचं (C=O गटाचं) आहे आणि तेल मुळात (ग्लिसरॉलचं) एस्टरच असतं. कच्च्या तेलाचा थेंब एटीआरवर (यंत्राच्या नमुना ठेवायच्या स्फटिकावर) टाकून बघा, जवळपास त्याच जागी तेवढंच उंच पीक दिसेल.

नजर खाली न्या. मेथिल एस्टर, म्हणजे बायोडिझेल, झालं की १४३६ ला टोकदार आणि ११९६ ला दुसरं पीक उठतं. तेलात ती अशी सुटी दिसत नाहीत. दोन्ही स्पेक्ट्रम एकावर एक छापा. मात्र यावरून टक्केवारी हवी असेल तर तेल आणि शुद्ध एस्टरची ठरावीक प्रमाणातली मिश्रणं करून कॅलिब्रेशन लागेल.

त्यापेक्षा प्रोटॉन एनएमआर सरळ. सीडीसीएल३ (ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म) या द्रावकात मेथॉक्सीचे तीन प्रोटॉन ३.६६ पीपीएमला एकच सरळ पीक देतात, आणि कार्बोनिलशेजारच्या सीएच२ चे दोन २.३० ला ट्रिपलेट (तीन फाट्यांचं पीक). दुसरं पीक प्रत्येक मेदाम्ल-साखळीत असतं, रूपांतर झालेलं असो वा नसो. म्हणून तोच आधार. २.३० चं इंटिग्रल (पिकाखालचं क्षेत्रफळ) २.०० धरल्यावर ३.६६ चं २.८२ आलं, तर २.८२ भागिले ३, म्हणजे ९४ टक्के. मेथनॉल ३.४९ ला येतं, पण भरपूर उरलं असेल तर बेसलाइन बिघडवतं. आधी उडवून टाका. करंज तेलातल्या करंजिन या घटकामध्येही मेथॉक्सी असतं. ते ३.९ च्या आसपास दिसलं तर मोजणीत धरू नका.

दर दहा मिनिटांनी नमुने काढणार असाल तर नळीत लगेच थोडं आम्ल टाकून केओएच मारा. नाहीतर एनएमआरच्या रांगेत नळी उभी असताना आत रिॲक्शन चालूच राहते, आणि दहाव्या मिनिटाचा आकडा म्हणून भलताच आकडा हाती येतो.

रूपांतर म्हणजे उतारा (हाती आलेलं उत्पादन, यील्ड) नव्हे, हे गाइड हमखास विचारतात. करंज तेलात एफएफए (मुक्त मेदाम्लं) जास्त असेल तर साबण होतो, धुताना एस्टरही पाण्याबरोबर जातं. एनएमआर सत्त्याण्णव दाखवेल आणि हाती बरंच कमी लागेल. उतारा वजनावरच काढा. आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकात बसतं का, हे यातलं कुठलंच यंत्र सांगणार नाही. तिथे एस्टर किमान ९६.५ टक्के आणि एकूण ग्लिसरॉल कमाल ०.२५ टक्के लागतं, त्यासाठी जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी).

पुढे एरंडेल घेणार म्हणताय, तिथे वरचं सूत्र जसंच्या तसं वापरू नका. एरंडेलातल्या रिसिनोलिक आम्लाच्या ओएच शेजारचा प्रोटॉन नेमका ३.६ ला, मेथॉक्सीच्या अंगावरच येतो, आणि रूपांतर शंभराच्या वर जातं. एरंडेलासाठी ४.१ ते ४.३ मधली ग्लिसराइडची (न बदललेल्या तेलाची) पिकं किती उरली ते मोजा.