साताऱ्यात सकाळी चालायला-धावायला कुठे जावं?

बदली होऊन साताऱ्यात आलात, पोवई नाक्याजवळ राहताय आणि रोज तासाभरात उरकेल असा चालण्या-धावण्याचा छान रस्ता हवाय, तोही शक्यतो सपाट, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी सपाटचा नाद सोडा. गाव अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलंय. इथे जो रस्ता सपाट, त्यावर गाड्याही तेवढ्याच. कधी सपाटच पळायचं मनात आलं तर शाहू स्टेडियम आहे, चकरा मारा आणि घरी या. मला तरी तिसऱ्या चकरेला कंटाळा येतो.

सुरुवातीला चार भिंतीवर जा. तुम्हाला हेच जवळ पडेल. चढ छोटा पण दमवणारा आहे, आणि वर पोचलात की सगळं सातारा पायाखाली. हे 1857 च्या वीरांचं स्मारक आहे. रंगो बापूजींच्या इंग्रजांविरुद्धच्या कटातल्या 17 जणांना त्याच वर्षी सप्टेंबरात इथल्याच गेंडामाळावर मारलं गेलं. नव्या माणसाला हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

दम टिकायला लागला की अजिंक्यतारा. खरं सांगायचं तर साताऱ्यात राहून रोज किल्ल्यावर जायचं नाही म्हणजे कमालच. अदालत वाड्याच्या बाजूने वर निघालात की गाडीरस्ता लागतो, तिथून रमतगमत पाऊण तासात दरवाजा. तुमच्या तासात हे बसणार नाही, तेव्हा रोज अर्ध्यातून फिरा आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण करा. रोजची मंडळी बुरुजाशी पोचली की दरवाजाला हात लावतात, दोन मिनिटं टेकतात आणि गप्पा मारत उतरायला लागतात. वेळ असेल तर आत जा. मंगळाईचं देऊळ, तळी आणि तटावरून फेरी असं धरून दीड तास लागतो. तटावरून एकीकडे यवतेश्वरचं पठार, दुसरीकडे जरंड्याचा डोंगर आणि हवा स्वच्छ असली तर सज्जनगडही दिसतो. मोर ओरडताना हमखास ऐकू येतील. पण बिबट्या दिसल्याच्या बातम्याही अधूनमधून असतात, त्यामुळे अंधारात एकट्याने जाऊ नका, उजाडू द्या.

उतरताना पळू नका. डांबरी उतारावर गुडघ्यांची वाट लागते. पावलं छोटी टाका आणि टाच आपटू देऊ नका. चढताना लागलेला दम दहा मिनिटांत जातो, उतरताना धरलेला गुडघा महिनाभर साथ सोडत नाही.

धावण्याची खरी हौस असेल तर समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट. 2012 पासून इथे हिल मॅरेथॉन होते, 21 किलोमीटरची. जाताना चढ आणि येताना तोच उतार. तिची तयारी करणारे घाटातच भेटतील, त्यांच्या मागे लागा. मात्र पुढे कासच्या पठारावर फुलं आली की शनिवार-रविवारी या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा मधल्या वारी जा. जोराच्या पावसात धुक्यामुळे वळणापलीकडची गाडी दिसत नाही, दरडीही येतात. ते दिवस सोडूनच द्या.

घाट नको आणि झाडी हवी, तर बोगद्यापलीकडे कुरणेश्वरच्या देवळाकडे. उन्हाळ्यात मी तिकडेच जातो, कारण सावली आहे.

रविवारी हाताशी वेळ असेल तर संगम माहुली. हायवे ओलांडायचा तेवढा त्रास आहे, तो जपून ओलांडा. पुढे कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी घाट, जुनी देवळं. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधीही इथेच आहे, आणि पलीकडच्या काठावरचं क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. परत येताना ऊन समोरून नाही, पाठीवर येतं. तरी टोपी आणि पाण्याची बाटली असू द्या.