वाचनालयाच्या दाराबाहेर राहिलेल्यांना कोण विचारणार?

प्रश्न : मी ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रामीण ग्रंथालयांवर पीएच.डी. करायची इच्छा आहे. सर म्हणतात, 'संदर्भसाहित्य मिळणार नाही, नोकरीलाही उपयोग नाही. ग्रंथमितीवर, म्हणजे पुस्तकं-लेखांच्या आकडेवारीच्या अभ्यासावर, कर.' काय करू?

उत्तर : सरांचं निम्मं म्हणणं खरं आहे. या विषयावरचं लेखन विरळ आणि विखुरलेलं आहे. संशोधन होतं विद्यापीठांत, त्यामुळे अभ्यासही हाताशी असलेल्या विद्यापीठीय ग्रंथालयांचाच जास्त होतो. गावातलं ग्रंथालय अनेकदा एकटी व्यक्ती सांभाळते. देवघेव, नोंदी, झाडलोट उरकून तिनं शोधनिबंध कधी लिहायचा? अमेरिकेत क्लॅरियन इथे १९७८ मध्ये ग्रामीण ग्रंथालयांच्या अभ्यासासाठी वेगळं केंद्र निघालं, पण असे प्रयत्न थोडेच.

त्यात 'ग्रामीण' कशाला म्हणायचं, इथूनच घोळ. भारतीय जनगणना गाव आणि शहर वेगळं करताना लोकसंख्या किमान ५०००, शेतीबाहेर काम करणारे पुरुष किमान ७५ टक्के आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० हे निकष लावते. अमेरिकेची शैक्षणिक आकडेवारी ग्रामीण भागाचे प्रकार शहरी वस्तीपासूनच्या अंतरावरून पाडते. मग दोन निबंधांचे निष्कर्ष शेजारी ठेवायचे कसे? तुझी व्याख्या पहिल्याच प्रकरणात पक्की कर.

मला खरी उणीव वाटते ती वेगळीच. प्रश्नावली बहुधा वाचनालयात बसलेल्यांच्याच हातात पडते. सेवेबद्दल समाधानी आहात का? ते 'हो' म्हणतात, कारण समाधानी आहेत म्हणूनच ते तिथे आहेत. वाचनालय उघडं असतं त्या वेळेत शेतात असलेली बाई, शाळा अर्ध्यावरच सुटलेला मुलगा, अक्षरओळख पुसट झालेले आजोबा या आकड्यांत येतच नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे सूत्र मांडलं. त्याच वर्षी तमिळ मुलखात मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव नेणं सुरू झालं. जो येत नाही त्याच्याकडे जायचं, ही त्या गाडीमागची समज संशोधनात आली पाहिजे. न येणाऱ्यांवरच काम कर, असं मी आग्रहानं सांगेन.

संदर्भ कमी पडतील तिथे प्रौढशिक्षण, समाजशास्त्र, ग्रामविकास यांतलं वाच. जमल्यास समाजशास्त्रातला सहमार्गदर्शक घे. मुलाखती घेणं आणि संख्याशास्त्र नीट शिकून घे, ही कौशल्यं साक्षरता आणि ग्रामविकासाच्या कामातही लागतात. अध्यापनात जायचं असेल, तर पात्रता परीक्षा मात्र आत्ताच दे, ती पुढे ढकलू नकोस.

ग्रंथमिती चांगला विषय आहे, पण मन नसलेल्या विषयात काही वर्षं काढणं फार जड जातं. आधी एकच गाव घे. वाचनालयात कधीही न गेलेल्या वीस जणांशी महिनाभरात सावकाश बोल, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत उतरव आणि ती टिपणं घेऊन सरांना पुन्हा भेट.