संसर्गक्षमतेचा चढ-उतार कसा मांडतात?

प्रश्न : माझा पुतण्या गेल्या वर्षी शुक्रवारी रात्री पुण्याहून घरी आला. शनिवारी आम्ही सर्वजण एकत्र जेवलो. रविवारी सकाळी त्याला ताप आला आणि तपासणीत कोविड निघाला. तेव्हापासून तो माडीवरच्या खोलीत वेगळा राहिला, तरीही बुधवारी माझ्या वडिलांना ताप भरला. आठव्या दिवसापासून त्याला ताट नेऊन देणाऱ्या माझ्या पत्नीला मात्र काहीच झाले नाही. पुढे बाविसाव्या दिवशी दुसऱ्या कारणाने केलेली त्याची आरटीपीसीआर चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली. रुग्ण रोज सारखाच संसर्ग पसरवतो का? नसेल, तर हा बदल शास्त्रज्ञ कसा मांडतात?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : रुग्ण रोज सारखा संसर्ग पसरवत नाही. शरीरात शिरलेला विषाणू पेशींमध्ये झपाट्याने दुणावत जातो, बाधा होऊ शकणाऱ्या पेशी कमी पडू लागल्या आणि प्रतिकारशक्ती जागी झाली की त्याची वाढ थांबते, आणि मग तो चढला त्यापेक्षा सावकाश उतरतो. दर पायरीला दहापट वाढणाऱ्या मोजपट्टीवर हा आलेख काढला, तर एक तीव्र चढ, एक शिखर आणि एक लांब उतार असा तो दिसतो.

परंतु विषाणूचे प्रमाण म्हणजे संसर्गक्षमता नव्हे, आणि खरी अडचण येथेच आहे. सांगलीकरांना हा फरक आयर्विन पुलावरून चटकन कळेल. तेथे कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरतात; पाणी वीस फुटांवरून तीस फुटांवर गेले तरी वस्तीत शिरत नाही, पण पंचेचाळिशीनंतरचा एकेक फूट नव्या गल्ल्या गाठतो. विषाणूचेही तसेच आहे. प्रमाण फार कमी असताना ते दहापट झाले तरी समोरच्याला बाधा होण्याची शक्यता फारशी वाढत नाही, आणि ते आधीच प्रचंड असेल तर आणखी दहापटीने विशेष फरक पडत नाही. म्हणून प्रतिमानात, म्हणजे संसर्गाच्या गणिती मांडणीत, विषाणूच्या प्रमाणाला थेट संसर्गक्षमता न मानता, या दोहोंना जोडणारा एक वळणदार संबंध घालावा लागतो. शिवाय त्या त्या दिवशी रुग्ण किती जणांच्या सहवासात होता, हेही त्याला जोडावे लागते. एवढे केल्यावर मिळणाऱ्या वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होईल, तो आकडा.

हा वक्र प्रत्यक्ष माहितीवरून काढणे कठीण असते, कारण लक्षणांचा दिवस कळतो, लागण झाल्याचा दिवस बहुधा कळत नाही. एप्रिल 2020 मध्ये चीन व हाँगकाँगमधील संशोधकांनी, कोणाकडून कोणाला लागण झाली हे ठाऊक असलेल्या 77 जोड्या तपासून, सुमारे 44 टक्के संसर्ग लक्षणे दिसण्यापूर्वीच होतो असा अंदाज मांडला. पुढे त्यांच्या आकडेमोडीत दुरुस्ती करावी लागली आणि वक्राची सुरुवात बरीच मागे सरकली, तरी शिखर लक्षणांच्या सुरुवातीच्या आसपासच राहिले. याउलट 2003 च्या सार्समध्ये, म्हणजे कोविडच्याच जातकुळीतल्या विषाणूच्या साथीत, विषाणूचे शिखर आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात येत असे. त्यामुळे आजारी माणसाला वेळीच वेगळे ठेवणे तेव्हा पुरेसे ठरले आणि कोविडमध्ये ठरले नाही.

लागणीची वेळ नेमकी ठाऊक असलेला एक अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. 36 तरुण स्वयंसेवकांच्या नाकात कोविडचा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. त्यांपैकी 18 जणांना बाधा झाली आणि त्यांच्या विषाणूचे शिखर सुमारे पाचव्या दिवशी आले. अशा नोंदींची नुसती सरासरी काढणे मला धोक्याचे वाटते. एकाचे शिखर तिसऱ्या दिवशी आणि दुसऱ्याचे सातव्या दिवशी असेल, तर सरासरीत एक बुटके, पसरट पठार दिसते, जे दोघांपैकी कोणाचेच नसते. म्हणून चांगल्या प्रतिमानात प्रत्येकाचा चढ, शिखर आणि उतार वेगळा काढून, मग माणसामाणसांतला फरक मोजतात.

आता आपल्या घराविषयी. वडिलांना शुक्रवारी रात्री किंवा शनिवारच्या पंगतीत लागण झाली असण्याची शक्यता मोठी आहे. ओमायक्रॉननंतरच्या प्रकारांत लक्षणे साधारण तीन-चार दिवसांत दिसतात, आणि बुधवार त्या हिशेबात बसतो. बाविसाव्या दिवसाच्या चाचणीने घाबरून जाण्याचे कारण नव्हते. आरटीपीसीआर विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे ओळखते, मग तो विषाणू जिवंत असो वा नसो. पूर ओसरल्यावरही भिंतीवर पाण्याची रेघ उरते, तसे ते तुकडे कित्येक आठवडे उरू शकतात. पत्नी वाचल्या त्या केवळ वक्राच्या उतारामुळे, असे मात्र मी म्हणणार नाही. लस, पूर्वीची बाधा, उघडी खिडकी, मास्क, यांपैकी कशानेही तसे घडू शकते, आणि एका घरातल्या एका उदाहरणावरून यांतले नेमके कारण निवडता येत नाही.