जुन्या बाजारातून आणलेल्या चार लाकडी खुर्च्या तीन हजारांत नव्यासारख्या होतील का? कोणता रंग लावू?

रंगाचा डबा आणला असेल तर परत देऊन या.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: दोन खुर्च्या वेताच्या, वेत खाली झोळीसारखा लोंबतोय. दोन गादीच्या, गादी फाटलेली. चारही डुगडुगतात, हात आणि पाठ काळी पडलीय. गणपतीत माणसं येणार, तोवर झाल्या पाहिजेत. घर भाड्याचं, हातात तीन हजार. तर होतील. नव्यासारख्या नाही होणार, पण मोदकांवर ताव मारलेला माणूस निर्धास्त टेकून बसेल इतपत नक्की होतील.

मी सुतार नाही. दहा-बारा वर्षांत माझ्या, बहिणीच्या आणि शेजारपाजारच्या मिळून वीसेक खुर्च्या केल्यात, त्यातली पहिली मी वाटोळं केलेली. भर जुलैमध्ये जुन्या पॉलिशवरच, न घासता, चॉकलेटी ऑइल पेंट फासला. तीन आठवडे झाले तरी तो चिकटच. मंगळागौरीला मावशी त्यावर बसल्या, उठताना त्यांच्या साडीला चॉकलेटी पट्टा आणि मागचा पाय सांध्यातून निखळून जमिनीवर. मावशी पडल्या नाहीत हे माझं नशीब. साडीचा विषय अजून निघतो.

म्हणून आधी सांधे, मग बैठक, मग साफसफाई. चकाकी सगळ्यात शेवटी, आणि ती गणपतीआधी नाहीच. का ते पुढे येईल.

त्याआधी एक घाणेरडं काम. खुर्च्या अजून बाल्कनीत असतील तर तिथेच राहू द्या. फाटलेल्या गाद्या आतल्या भुश्या-काथ्यासकट पिशवीत बांधून थेट कचऱ्यात. "कापड तेवढं चांगलं आहे" असा मोह नको. मग खुर्ची उलटी करा आणि टॉर्च घेऊन सांधे, स्क्रूची भोकं, बैठकीखालच्या कडा बघा. पेनाची शाई ठिबकल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ते ढेकूण. औषध फटींत मारा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारा, कारण पहिल्या फवाऱ्यातून अंडी बऱ्याचदा वाचतात. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर तो भुंगा. लाकडावर ठोकून बघा. ताजी पिठासारखी भुकटी पडली तर आत कोणीतरी जेवतंय. लाकडाला लावायचं किडीचं औषध इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात सोडायचं. भुकटी पडत नसेल तर भोकं जुनी आहेत, चिंता नको.

आता डुगडुगणं. खुर्ची खरंच डुगडुगते की तुमची फरशी, हे आधी ठरवा. जुन्या घरातल्या शहाबादीवर कुठलीही खुर्ची डुलते. खुर्ची फिरवून, दोन-तीन जागी ठेवून बघा. सगळीकडे तोच पाय उचलला जात असेल आणि सांधे मात्र घट्ट असतील, तर पाय आखूड आहे. त्याखाली लाकडाची पातळ चकती चिकटवा. बाकीचे तीन पाय कापून बरोबरीत आणायला जाऊ नका. एका ओळखीच्या गृहस्थांनी ते केलं, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि शेवटी त्यांच्याकडे डायनिंग टेबलाला न पोचणारी खुर्ची उरली.

बहुतेक वेळा दोष सांध्यातच असतो. जुन्या खुर्चीत आडव्या लाकडाचं टोक उभ्या लाकडाच्या खाचेत शिरलेलं असतं. सुतार त्या टोकाला कुसू म्हणतात. ते पूर्वी सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांच्या गोंदाने, चिकटवायचे, आणि वर्षानुवर्षांच्या कोरड्या-दमट हवेने सरस ठिसूळ होऊन सुटतो. इथे लोक दोन चुका करतात. एक, बाहेरून खिळा ठोकतात. लाकूड चिरतं आणि पुढच्या वेळी सांधा उघडताही येत नाही. दुसरी, फटीतून वरच्यावर फेविकॉल सोडतात. जुन्या सरसावर नवा गोंद धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं.

तेव्हा सांधा पूर्ण उघडा. आधी प्रत्येक तुकड्यावर कागदी टेप लावून नंबर लिहा. चार पाय सारखे दिसतात, नसतात. हातोडीखाली जुनं टॉवेल धरून हलके ठोके द्या. हट्ट करणाऱ्या सांध्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, सरस उष्णतेने आणि पाण्याने मऊ होतो. जे सांधे घट्ट आहेत ते मात्र मुळीच छेडू नका. सुटलेल्या कुसवावरचा आणि खाचेतला जुना सरस खरवडून काढा, लाकूड वाळू द्या, मग फेविकॉल दोन्हीकडे लावून बसवा. कुसू झिजून सैल झालं असेल तर रंध्याचा पातळ छिलका गोंदात भिजवून त्याला लपेटा आणि मग ठोका. छिलका कुठल्याही सुताराच्या दुकानाबाहेर फुकट मिळतो.

गोंद वाळेपर्यंत सांधे दाबून धरायला शिकंजे विकत घेऊ नका. सायकलवाल्याकडून पंक्चरची टाकलेली ट्यूब आणा, लांब पट्टी कापा आणि चारही पायांभोवती ताणून गुंडाळा. ती घट्ट धरते आणि लाकडाला वळ पडू देत नाही. लगेच खुर्ची सपाट ओट्यावर चारी पायांवर उभी करून बघा. गोंद ओला आहे तोवरच ती सरळ करता येते. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तिथे पुढे पॉलिश चढणार नाही. पावसाळ्यात पुरते दोन दिवस कोणी बसायचं नाही. मुलांना सांगून उपयोग नसतो, खुर्चीवर कुंडी ठेवा.

एक वेगळा प्रकारही संभवतो. पाठ गोल वाकवलेल्या दांड्यांची आणि बैठक गोल असेल, इराण्याच्या हॉटेलात असायची तशी, तर तिची बांधणी निराळी. मिखाएल थोनेट याने १८५९ मध्ये व्हिएन्नात काढलेल्या १४ नंबरच्या खुर्चीचं हे घराणं. वाफेने वाकवलेली लाकडं, सगळी मिळून सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून पाठवली तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. अशी खुर्ची असेल तर तुमचं निम्मं काम पान्याने आणि स्क्रू-ड्रायव्हरने होईल. भोक मोठं झालं असेल तर त्यात गोंद लावलेली काडी भरून स्क्रू परत पिळा.

आता वेत, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, कारण ती फुकट आहे. वेताची एकही पट्टी तुटलेली नसेल आणि बैठक नुसती लोंबली असेल तर विणकर शोधू नका. खुर्ची उलटी करा. सोसेल इतक्या गरम पाण्यात फडकं भिजवून वेतावर खालच्या बाजूने अर्धा तास ठेवा. खालूनच, कारण वरच्या चकचकीत सालीतून पाणी आत शिरत नाही. लाकडाच्या चौकटीला पाणी लागू देऊ नका. मग वाऱ्याला ठेवा, पंख्याखाली चालेल, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बसू नका. वाळताना वेत आखडतो. सकाळी बोटाने टिचकी मारलीत तर डफासारखा आवाज येईल. अगदीच जुना वेत असेल तर थोडाच आखडेल, पण एक दिवस खर्चून बघायला काय जातंय?

पट्ट्या तुटल्या असतील तर बैठकीची कड बघा. कडेने ओळीत भोकं असतील तर ती हाताने विणायची खुर्ची: उभे दोन, आडवे दोन, तिरपे दोन असे थर घालायचे, मग काठ बांधायचा. अंधशाळांमधून हे काम शिकवलं जात आलंय, बोटांनी भोकं मोजत विणायचं. माझं एका बैठकीला पूर्ण दोन दिवस गेले आणि मी पुन्हा करणार नाही. कारागीर भोकांच्या हिशोबाने पैसे घेतात, ते योग्यच आहे. भोकांऐवजी कडेने खोबण आणि त्यात गोल दोरीसारखी पट्टी बसवलेली असेल, तर विणलेली तयार जाळी आणून भिजवून खोबणीत ठोकता येते, हे घरी जमतं. आणि दोन्हीला पैसे नसतील तर खाटेची नवार. उभी-आडवी ताणून, चौकटीच्या खालच्या बाजूला चुका (छोटे खिळे) मारून बसवा. पुरातन वस्तूंचे दर्दी नाकं मुरडतील, पण त्यांना जेवायला बोलावलंय कुठे?

गादीच्या दोन खुर्च्यांना फोम चाळीस डेन्सिटीचा, दोन इंची घ्या. स्वस्त मऊ फोम वर्षात पापड होतो. घेण्यापूर्वी मात्र टेप लावा. टेबल साधारण ३० इंच उंच असतं आणि बैठक १८ इंचांवर हवी. खालची फळी आधीच १७ इंचांवर असेल तर दोन इंची फोम बसल्यावर थोडा दबतो आणि जमून जातं. चार इंची गुबगुबीत गादी केलीत तर पाहुण्यांचे गुडघे टेबलाला आपटतील.

कापडाचा हिशोब: बैठक १८ बाय १८ असेल, फोम दोन इंची आणि खाली दुमडायला दोन इंच, तर प्रत्येक बाजूला चार वाढले, म्हणजे २६ बाय २६. सोफ्याचं कापड ५४ इंच पन्ह्याचं येतं, त्यात दोन शेजारी-शेजारी बसतात. तुम्हाला पाऊण मीटर पुरे. दुकानदार दोन मीटर म्हणेल. मी मागच्या वेळी सोलापुरी चादर वापरली. ६० बाय ९० च्या चादरीत सहा बैठका निघतात, जाड विणीची असते, आणि मळलेलं चटकन दिसत नाही. कापल्यावर कडा सुटतात, म्हणून आधी शिंप्याकडून इंटरलॉक मारून घ्या. पैठणीचे किंवा जुन्या रेशमी साडीचे काठ लावायची कल्पना फोटोत फार छान दिसते. जुनं रेशीम बसण्याचा ताण सहन करत नाही, सहा महिन्यांत फाटतं. तो काठ उशीला लावा.

फळीला चार-पाच भोकं पाडा, म्हणजे बसल्यावर हवा निघून जाईल. कापड ताणताना टॅकरची (लाकडात पिना मारायच्या यंत्राची) पहिली पिन प्रत्येक बाजूच्या मध्यावर, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यातून सुरू केलंत तर शेवटी मध्ये फुगवटा येतो आणि सगळं उपटावं लागतं.

काळेपणाचं म्हणाल तर तो बराचसा लाकडाचा नसतोच. हाताचं तेल आणि धूळ यांचा तो लेप असतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं पुसणं. उरलेल्याला टर्पेंटाइन, खिडक्या उघड्या ठेवून. तुमच्या खुर्चीचा मूळ रंग पहिल्यांदा तेव्हा दिसेल, आणि रंग देण्याचा विचार कदाचित तिथेच सुटेल. आधीच कोणीतरी ऑइल पेंट मारलेला असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासायचा कागद) ओला करून घासा, मास्क लावा, लहान मुलं घरात असतील तर हे काम घरात करूच नका.

आणि पॉलिश. दिसत नाही अशा जागी स्पिरिटचा थेंब टाका. चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश. मग सगळं घासून काढायची गरजच नाही, वरून ३२० नंबरचा घासायचा पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलका फिरवला आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा कापसाच्या बोळ्याने लावला की नवा थर जुन्यात मिसळून जातो. स्पिरिटने काहीच झालं नाही तर ते बहुधा मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे आजकालचं रासायनिक पॉलिश, तिथे पेपर मारून टचवूडसारखं तयार डब्यातलं पॉलिश लावा. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरायची असेल तर लाकडापेक्षा किंचित गडद रंगाची भरा, फिकी ठिगळासारखी दिसते. बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) वापरलंत तर एक काळजी घ्या: तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. पाण्यात भिजवून मग फेका.

पण यातलं काही श्रावण-भाद्रपदात करू नका. दमट हवेत स्पिरिट उडताना ओलावा धरला जातो आणि चपड्यावर पांढुरकी साय येते. माझ्या त्या पहिल्या खुर्चीचा ऑइल पेंट चिकट राहिला त्यात पावसाचाही वाटा होताच.

माझा चार खुर्च्यांचा मागचा खर्च तेवीसशेच्या आसपास आला: टॅकर आणि पिना ५००, फोम ६००, चादर ५००, चपडा-स्पिरिट ३५०, आणि फेविकॉल, पेपर, पायांची रबरी बुचं वगैरे ३५०. फोम आणि किरकोळ सामान पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास एका फेरीत होतं. रविवारी गाडी घेऊन जाऊ नका.

तुमचे उरलेले सातशे वेत तुटलेला निघाला तर त्यासाठी ठेवा. या शनिवारी सांधे, पुढच्या शनिवारी वेत आणि गाद्या, आदल्या दिवशी साबणाचं फडकं. पॉलिश नवरात्र उलटून ऑक्टोबरचं ऊन पडलं की. तोवर कोणी विचारलंच, तर खुर्च्या जुन्या आहेत म्हणून सांगा. आहेतच.